आशियाई पाणपक्षी गणना : स्वयंसेवकांच्या नोंदींतून पाणथळ जागांचे संरक्षण

दरवर्षी जानेवारी महिन्यात देशभरातील तलाव, धरणांचे जलाशय, खाड्या आणि मिठागरांच्या काठी पक्षिनिरीक्षक एकत्र येतात व तेथील पाणपक्ष्यांची मोजदाद करतात. आशियाई पाणपक्षी गणना या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम १९८७ मध्ये भारतीय उपखंडात सुरू झाला आणि नंतर आशियातील इतर देशांत व ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला. १९६७ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणनेचा तो एक भाग आहे. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था त्याचे संयोजन करते. भारतातील कामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचाही सहभाग असतो.

जानेवारीच का?

उत्तर आणि मध्य आशियातून आलेले बदके, हंस व चिखलपक्षी या काळात हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात. त्यांची ये-जा कमी असल्याने एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता घटते. याच कारणासाठी सर्वत्र गणना जवळपास एकाच सुमारास केली जाते.

गणनेची पद्धत

थवा लहान असल्यास पक्षी एकेक करून मोजले जातात. मोठ्या थव्यातील दहा, शंभर किंवा हजार पक्षी किती जागा व्यापतात याचा प्रथम अंदाज घेतात आणि तेवढे भाग संपूर्ण थव्यात किती बसतात, हे पाहून संख्या ठरवितात. खाडीत भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते; भरतीच्या वेळी चिखलपक्षी उंचवट्यावर एकत्र येत असल्याने मोजणी सोपी होते. पक्ष्यांबरोबरच पाण्याची स्थिती, भराव, सांडपाणी, शिकार आदी धोक्यांचीही नोंद घेतली जाते. एखादा नेहमीचा पक्षी न दिसणे, हीदेखील महत्त्वाची नोंद मानली जाते.

नोंदींचे महत्त्व

इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या करारानुसार, जेथे नियमितपणे २० हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी असतात, अथवा एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येच्या किमान एक टक्का पक्षी आढळतात, ती पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. असा दावा सिद्ध करण्यासाठी अनेक वर्षांची आकडेवारी लागते. ओडिशातील चिलिका सरोवर व राजस्थानातील केवलादेव या देशातील पहिल्या रामसर स्थळांची नोंद १९८१ मध्ये झाली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले.

सातत्याच्या नोंदी घटही दाखवून देतात. केवलादेव येथे १९६०च्या दशकात सुमारे २०० सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात येत असत. ही संख्या घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात तेथे अखेरची जोडी दिसली. त्यानंतर हा पक्षी भारतात हिवाळी मुक्कामाला आलेला नाही.

एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पाऊस कमी झाला तर पक्षी दुसऱ्या जलाशयावर जातात. जास्त झाला तर विखुरतात. त्यामुळे त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने, दरवर्षी मोजणी होणे आवश्यक ठरते. राखीव क्षेत्राबाहेरील गावतळी व लहान जलाशयांच्या बाबतीत तर अनेकदा स्वयंसेवकांची नोंदवही हाच एकमेव पुरावा असतो. अशी जागा बुजविली जाऊ लागल्यास, तेथे काय होते हे त्या नोंदींवरूनच दाखविता येते.