वैद्याचं शिक्षण संपतं कधी?

डॉक्टरचं शिक्षण पदवी हातात पडली की संपलं, असं आपण सहज म्हणून जातो. आपल्या जुन्या संहिता तसं म्हणत नाहीत.

चरकसंहितेतल्या विमानस्थानाचा आठवा अध्याय पाहा. ज्याला वैद्य व्हायचंय, त्यानं आधी शास्त्र पारखावं, मग आचार्य. आचार्यही शिष्याला पारखतो, पण ते त्यानंतर. आचार्य कसा हवा? ज्ञान स्वच्छ असलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, हात बसलेला. शिवाय अहंकार नसलेला आणि न चिडणारा. ही शेवटची अट किती मोलाची, हे शिकवणाऱ्यांनाच कळेल!

सुश्रुतसंहितेचा भर हातावर आहे. कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर छेद घ्यायचे, कापडावर टाके घालायचे, माणसाच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधायच्या. ग्रंथ कितीही वाचला, तरी हा सराव नसेल तर तो शिष्य कामाला अयोग्यच.

पण गुरू आणि सराव एवढ्यानं भागत नाही. चरकसंहिता ज्ञानाचे तीन उपाय सांगते: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्यांशी चर्चा. तिचे दोन प्रकार. एक विगृह्य, समोरच्याला जिंकण्यासाठी केलेली. दुसरी संधाय, म्हणजे स्नेहाची. हिच्यात निःशंकपणे विचारावं, निःशंकपणे सांगावं. हरण्याची भीती नको आणि जिंकल्याचा आनंदही नको. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना वादाचे नियम न्यायशास्त्रातून माहीत असतात. इथे मात्र वादाच्या पलीकडे एक रोगी पडलेला आहे, हे विसरून चालत नाही.

आता आजकडे येऊ. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांनी दर ५ वर्षांत निदान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहावं, असं म्हटलं आहे. नियम हवाच. औषधं बदलतात, उपचार बदलतात. तिशीत शिकलेलं साठीत पुरत नाही.

पण तास मोजता येतात, संभाषा मोजता येत नाही. सभागृहात सही करून मागच्या रांगेत बसलेल्याचेही तास भरतातच. वॉर्डातल्या राउंडला ज्येष्ठांचं निदान चुकतंय असं कनिष्ठाला वाटलं, तर त्याला तोंड उघडता येतं का? आणि ज्येष्ठाला सगळ्यांसमोर 'मला ठाऊक नाही' म्हणता येतं का? ही दोन्ही वाक्यं जिथे सहज बोलली जातात, तिथे शिक्षण चालू आहे असं समजावं. जिथे ती गिळली जातात, तिथे त्याची किंमत रोगी मोजतो.