अनाथालयातून आलेला प्रश्न

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत संगीतरचना शिकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या एका प्रश्नावर घासून निघाल्या. पाच रेघांच्या पट्टीवर फक्त तळाची, म्हणजे बासची ओळ लिहिलेली असते आणि वरच्या तीन ओळी विद्यार्थ्याने भरायच्या असतात. या प्रकाराला तिथे 'बास दोने', दिलेला बास, म्हणतात. आपल्या समस्यापूर्तीचीच ही जात: शेवटचा चरण पंडितांनी द्यायचा आणि वरचे तीन कवीने रचायचे. पॅरिसमधून हा प्रश्न देशोदेशीच्या अभ्यासक्रमांत गेला. तो मुळात कुठला, याचा माग काढत गेलो आणि पोचलो थेट नेपल्सच्या अनाथालयांत.

नेपल्समध्ये अशी चार घरं होती. सांता मारिया दी लोरेतो १५३७चं. सांतोनोफ्रिओ, पिएता देइ तुर्किनी आणि पोवेरी दी जेझू क्रिस्तो ही त्याच शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली. 'कॉन्झर्व्हातोरिओ' म्हणजे पोरक्या मुलांना सांभाळण्याची जागा. संगीताचा त्या नावाशी काहीही संबंध नव्हता. व्हेनिसमध्ये अशीच घरं मुलींसाठी होती आणि व्हिवाल्दीमुळे ती सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून ती बाजूला ठेवतो. नेपल्सच्या मुलांना आधी वेगवेगळे हातधंदे शिकवत. सतराव्या शतकात ध्यानात आलं की गाणारं पोर जास्त कमावतं. मिरवणुकीत, चर्चच्या सणाला आणि अंत्ययात्रेतही मुलांना पैसे देऊन बोलावत. लहान मुलांना देवदूतांचा वेश चढवून मेलेल्या बाळांच्या पेटीमागे चालवत. ही मिळकत घराच्या तिजोरीत जाई.

चार्ल्स बर्नी हा इंग्रज १७७० साली सांतोनोफ्रिओत गेला. मुलं जिथे झोपत तिथेच रियाज चालू होता: सात-आठ हार्प्सिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं, गाणारे गळे, प्रत्येकाचं वेगळं आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. जिन्यात एक जण ट्रंपेट फुंकत होता. आणि त्याच गदारोळात काही मुलं लिहीत बसली होती! बर्नीला हे सगळं भयंकर वाटलं. मला मात्र ती लिहिणारी मुलं सोडवत नाहीत.

शिक्षकांची पद्धतही काटकसरीची होती. मुख्य गुरू मोठ्या मुलांना शिकवी आणि ही मोठी मुलं, 'मास्त्रिचेल्ली', धाकट्यांना घोटून घेत. शिकवायचं साधन होतं 'पार्तिमेंतो'. कागदावर एकच ओळ, बहुधा बासची. मुलाने हार्प्सिकॉर्डवर बसून डाव्या हाताने ती वाजवायची आणि उजव्या हाताने वरचं सगळं जागच्या जागी उभं करायचं. बास सप्तकात पायरी-पायरीने चढला किंवा उतरला तर प्रत्येक पायरीवर कोणते स्वर बसतात, याचा नियम आधी पाठ करायचा. मग बास उड्या मारू लागला की काय, तोच तुकडा एकेक स्वर खाली सरकत गेला की काय, असे ठरलेले प्रसंग आणि त्यांची ठरलेली उत्तरं. शेवटी फ्यूग, म्हणजे एकच चाल एकामागून एक ओळींनी उचलत जाण्याचा रचनाप्रकार, तोही एका ओळीतून. फ्रांचेस्को दुरांते आणि पुढे फेदेले फेनारोली यांच्या पार्तिमेंतोंच्या वह्या नकलून नकलून शेकडो हातांतून गेल्या. अशा घोटून घेतलेल्या पोरांतून पेर्गोलेसी, पायझिएल्लो, चिमारोझा निघाले. चिमारोझाचा बाप गवंडी होता, तो लवकर गेला; आई मठाचे कपडे धूत असे.

पार्तिमेंतो एवढं का फोफावलं, याबद्दल माझा तर्क साधा आहे: ते स्वस्त होतं. चार ओळींचा कागद एका ओळीत भागतो, मोठा मुलगा शेजारी बसून नुसत्या कानाने चूक पकडू शकतो, आणि असा मुलगा उद्या कुठल्याही चर्चच्या ऑर्गनवर बसवता येतो. याला कागदोपत्री पुरावा माझ्यापाशी नाही, पण त्या घरांचा संसार पाहता दुसरं कारण पटत नाही.

अभ्यासकांत मात्र भांडण आहे. रॉबर्ट येर्डिंगेन आणि जोर्जो सांग्विनेत्ती यांनी पार्तिमेंतोला या शिक्षणाचा कणा मानलं. पीटर व्हान टूर म्हणतात, लिखित काउंटरपॉइंटच्या, म्हणजे एका चालीशी दुसरी स्वतंत्र चाल जुळवण्याच्या, वह्या बघा, खरी रचना तिथे शिकवली जाई. निकोलस बाराग्वनाथ यांच्या मते पाया सोल्फेजचा, म्हणजे स्वरांची नावं घेत गाण्याचा. मूल आधी गायला शिके आणि बोटं नंतर. हे म्हणणं झटकून टाकता येत नाही. गोव्यातही पॅरिश शाळांत मेस्त्रांनी पोरांकडून आधी सोल्फेजच घोटून घेतलं, आणि तीच पोरं पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत कागद पाहताक्षणी वाजवणारी म्हणून नावाजली. तरीही मी येर्डिंगेनच्या बाजूचा. सोल्फेजने गळा आणि नजर तयार होते. रिकाम्या जागेत काय भरायचं याचा सराव पार्तिमेंतोच देतं. 'अनाथ' या शब्दावरही एक आक्षेप आहे आणि तो मान्य केला पाहिजे: अठराव्या शतकात या घरांत फी भरून राहणारी मुलंही होती, आणि पेर्गोलेसी काही अनाथ नव्हता. पण नियम, दिनक्रम आणि शिकवण्याची तऱ्हा अनाथालयाचीच राहिली.

आता पॅरिस. तिथली कॉन्झर्व्हेटरी ३ ऑगस्ट १७९५च्या कायद्याने, क्रांतीच्या धामधुमीत उभी राहिली. फ्रेंच लोक सांगतील की तिथली हार्मनी रामोच्या १७२२च्या ग्रंथातून आणि कातेलच्या १८०२च्या पाठ्यपुस्तकातून आली, नेपल्सचं त्यात काही नाही. सिद्धांतापुरतं ते खरं आहे. पण परीक्षेतला प्रश्न सिद्धांतातून येत नाही, सवयीतून येतो. नेपल्समध्ये शिकलेला पिच्चिन्नी १७८४च्या राजेशाही गानशाळेत शिकवत होता, आणि कॉन्झर्व्हेटरीत जी मुरली ती हीच शाळा. १८०८ साली शोरोंने इटालियन घराण्यांच्या रचनातत्त्वांचा जाडजूड ग्रंथ पॅरिसमध्ये छापला. १८४६ साली कॉन्झर्व्हेटरीतल्याच कोलेने पुस्तक काढलं, त्याचं नाव चक्क 'पार्तिमेंती'. साखळीतली एक कडी मात्र वाकडी बसते: वीस वर्षं संचालक राहिलेला केरुबिनी नेपल्सचा नव्हे. तो सार्तीचा शिष्य आणि सार्ती बोलोन्याच्या पाद्रे मार्तिनींचा. मी असं धरतो की इटलीत ही विद्या तोवर सगळीकडे झिरपली होती.

पॅरिसने एक मोठा बदल केला. वाजवायचं ते लिहायचं केलं. बोटांतून निघणारं उत्तर आता खोलीत कोंडून, शाईने, चार वेगवेगळ्या क्लेफमध्ये मांडायचं होतं. जुनी तऱ्हा उरली फक्त पियानोवरच्या साथीच्या वर्गात. त्या वर्गात १८८० साली पहिलं बक्षीस कुणी पटकावलं? देब्यूसीने. हार्मनीच्या वर्गात त्याला ते कधी मिळालं नव्हतं. आणि १९४६ साली नादिया बूलांजे कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक झाल्या त्या याच विषयाच्या. वर्गाच्या दारावर पाटी साथसंगतीची, आत सगळा खल रचनेचा.

हे झालं परीक्षेतल्या प्रश्नाचं; परीक्षेनंतर मिळणाऱ्या पदवीचं मूळ मात्र वेगळ्याच घराण्यात आहे. नेपल्समध्ये शिक्षण होतं, पदवी नव्हती. इंग्लंडात पदवी होती, शिक्षण नव्हतं. केंब्रिजने पंधराव्या शतकातच संगीताच्या पदव्या दिल्या; रॉबर्ट फेअरफॅक्सने १५०४ साली डॉक्टरकीसाठी स्वतःचा एक मास, म्हणजे चर्चच्या उपासनेची संगीतरचना, सादर केला. शिकायचं कुठे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोन्ही गोष्टी एका छपराखाली आणणाऱ्यांत मला सेंट पीटर्सबर्ग आवडतं. तिथे आंतोन रुबिनस्टाइन रशियाभर नावाजलेला, पण सरकारी दप्तरात संगीतकार नावाची जमातच नव्हती, म्हणून त्याची नोंद व्यापाऱ्याचा मुलगा अशी. त्याने १८६२ साली कॉन्झर्व्हेटरी काढली आणि उत्तीर्ण होणाऱ्याला 'स्वतंत्र कलावंत' हा कायदेशीर दर्जा मिळवून दिला. १८६५च्या डिसेंबरात तिथे चायकोव्हस्कीची पदवीसाठीची कॅंटाटा वाजली. तोंडी परीक्षेच्या धास्तीने तो स्वतः फिरकलाच नाही.

पदवीवरून पुन्हा नेपल्सच्या विद्येकडे वळतो. अठरा वर्षांच्या व्हेर्दीला १८३२ साली मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीने प्रवेश नाकारला. वय जास्त होतं आणि पियानोवरचा हातही पसंत पडला नाही. त्याने बाहेर शिकवणी धरली ती लाविन्याची, आणि लाविन्या लोरेतोतला, फेनारोलीचा शिष्य. म्हणजे दार बंद करणाऱ्या संस्थेच्या बाहेरच त्याला अनाथालयाची अस्सल विद्या मिळाली. १८७१ साली नेपल्सने त्याला आपल्या कॉन्झर्व्हेटरीचं संचालकपद देऊ केलं. त्याने नकार दिला, पण आपण मुलांना काय शिकवलं असतं तेही पत्रात कळवलं: आधी फ्यूग, कंटाळा येईपर्यंत, सतत.