अली, सलीम
(१२ नोव्हेंबर १८९६ – २० जून १९८७). विख्यात भारतीय पक्षिवैज्ञानिक व वन्य जीव संरक्षणाचे पुरस्कर्ते. पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. भारतातील पक्ष्यांच्या शास्त्रशुद्ध पाहण्या, पक्ष्यांच्या जीवनक्रमाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि त्या ज्ञानाच्या आधारे अधिवासांचे रक्षण या तिन्ही क्षेत्रांतील त्यांचे कार्य मूलभूत स्वरूपाचे मानले जाते.

त्यांचा जन्म मुंबई येथे सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिची ओळख करून घेण्यासाठी ते ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या १८८३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत गेले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस्. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले व संस्थेचा पक्षिसंग्रह त्यांना दाखविला. या भेटीतून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढील शिक्षण अपुरे सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात काही वर्षे होते. तेथून परतल्यावर त्यांनी प्राणिविज्ञानाचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षिवैज्ञानिकाची शासकीय जागा मात्र त्यांना मिळू शकली नाही. बर्लिनच्या प्राणिविज्ञान संग्रहालयात एर्व्हिन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. पक्ष्याची केवळ कातडी भरून ठेवण्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे वर्तन अभ्यासणे महत्त्वाचे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. १९३० मध्ये ते परतले, तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागा रद्द झाली होती. तेव्हा ते अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथील पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो व पुढे दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो, हा क्रम त्यांनी प्रथम स्पष्ट केला.

यानंतर हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर इ. संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी केल्या. तुटपुंजा खर्च व खडतर प्रवास यांत तेहमिना यांची त्यांना मोठी साथ होती. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) या ग्रंथाने सामान्य वाचकांत पक्षिनिरीक्षणाची आवड रुजविली. एस्. डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेल्या ‘हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ या ग्रंथाचे १० खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. बराच काळ कोणालाही न आढळलेली फिनची सुगरण १९५९ मध्ये कुमाऊँच्या तराईत त्यांनी पुन्हा शोधून काढली. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. क्यासनूर जंगल रोगाच्या विषाणूंचा स्थलांतरी पक्ष्यांशी संबंध आहे काय, हे पाहणे हा त्याचा एक हेतू होता.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा पंडित नेहरूंकडे शब्द टाकून त्यांनी तिला शासकीय साहाय्य मिळवून दिले. राजस्थानातील भरतपूरची केवलादेव पाणथळही त्यांच्या प्रयत्नांमुळे टिकली. हे संस्थानिकांचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते व १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्योत्तर काळात पाणथळ कोरडी करून जमीन शेतीस देण्याची मागणी पुढे आली असता त्यांनी नेहरूंकडे तिच्या रक्षणाचा आग्रह धरला.

भरतपूरचा पुढील इतिहास संरक्षणाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे गुरे चरू देऊ नयेत, असे सलीम अली व अन्य तज्ज्ञांचे मत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईबंदी अमलात आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या आसपासच्या ग्रामस्थांनी तिला विरोध केला व पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. सोसायटीने १९८० मध्ये सुरू केलेला परिस्थितिवैज्ञानिक अभ्यास सुमारे दहा वर्षे चालला. म्हशींचे चरणे बंद झाल्यावर पास्पालम डिस्टिकम हे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले व पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली, असे त्यात आढळून आले. म्हशींना चरू देणे पाणथळीच्या हिताचे आहे, असा निष्कर्ष या संस्थेनेच काढला. दीर्घकालीन निरीक्षणावाचून केलेली बंदी पक्षी व माणसे या दोहोंनाही जाचक ठरू शकते, हे त्यातून दिसून आले. आधी पाहावे, मग मत बनवावे, ही जी शिस्त सलीम अलींनी किहीमला अंगीकारली, तिनेच त्यांच्या मताची अशी परीक्षा झाली.

केरळमधील सायलेंट व्हॅली या वर्षावनातील जलविद्युत् प्रकल्पास त्यांनी विरोध केला. प्रकल्प सोडून देण्यात येऊन १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९७६ मध्ये लाभलेल्या जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पारितोषिकाच्या रकमेतून सोसायटीत निसर्गसंवर्धन निधी उभारण्यात आला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली व त्याच वर्षी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. कोईमतूर येथील पक्षिविज्ञान व निसर्गेतिहास केंद्र (१९९०) आणि गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. दक्षिण भारतातील लॅटिडेन्स सलीमअलाय हे एक फलाहारी वटवाघूळही त्यांच्या नावाने ओळखले जाते.