शुद्धिहरण परिचारिका
शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास भूल देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका. अमेरिकेत ॲगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे हा बेकायदा वैद्यकव्यवसाय नव्हे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये दिला. भारतात मात्र हे कार्य डॉक्टरांकडेच राहिले, कामोठे (ता. पनवेल) येथील महात्मा गांधी मिशनच्या वैद्यकीय महाविद्यालयातही शुद्धिहरणशास्त्र ही वैद्यकाची पदव्युत्तर शाखा आहे. महाराष्ट्रातील परिचारिकांच्या नोंदणीविषयक कायद्यास १९६६ च्या अधिनियमाने एकरूपता आली. मुंबईत सहकारी परिचारिकेवरील अत्याचारानंतर १९७३ मध्ये त्यांनी सुरक्षिततेसाठी संप केला. व्यवसायाची अधिकारकक्षा कौशल्याइतकीच संघटना व कायदा यांवर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.