स्वीकृत हस्तलिखिताचा प्रश्न

सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनावर जनतेचा हक्क असावा, हा विचार भारतात शासकीय धोरणाच्या आधी प्रयोगशाळांत रुजला. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी अमेरिकेतील लॉस अलामोस येथे 'आर्काइव्ह' सुरू केले आणि भौतिकशास्त्रज्ञांना निबंध छापून येण्यापूर्वीच तो सर्वांसाठी खुला करण्याची सवय लागली. त्यासाठी कोणतीही सक्ती नव्हती. २००२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वतःचे 'ईप्रिंट्स' भांडार उघडले. २००६ मध्ये राउरकेल्याच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने आपल्या प्राध्यापकांना निबंध जमा करणे बंधनकारक केले.

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मिळून ओपन ॲक्सेस धोरण जाहीर केले. त्यातील अट साधी होती : जर्नलने निबंध स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्याचे अंतिम स्वीकृत हस्तलिखित रिपॉझिटरीत जमा करावे. प्रकाशकाने प्रतिबंधकाल घातला असेल, तर निबंध जमा आताच करावा, खुला नंतर व्हावा. हस्तलिखित म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेली, पण प्रकाशकाची मांडणी न चढलेली लेखकाची प्रत. ती जमा करण्यासाठी हजारो डॉलरचे प्रकाशनशुल्क भरावे लागत नाही. तरीही या नियमाचे पालन अपुरेच राहिले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, असा तिचा आवाका आहे. लहान शहरांतील शासकीय महाविद्यालयांना तिचा लाभ मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी, शाळेतील विज्ञानशिक्षक किंवा स्वतंत्रपणे काम करणारा डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर राहतो.

सदस्यत्व हे भाड्याचे घर आहे; भाडे थांबले की दार बंद होते. रिपॉझिटरीतील प्रत मात्र आपल्या मालकीची असते आणि ती जगात कोणालाही वाचता येते. म्हणून नव्या योजनेमुळे २०१४ चा नियम कालबाह्य ठरत नाही. उलट त्याचे महत्त्व वाढते.

संशोधनाच्या वाटेवर असलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे : स्वीकृतीचे पत्र येईल त्याच दिवशी हस्तलिखिताची अंतिम प्रत वेगळी जपून ठेवा, प्रकाशकाचा करार सहीपूर्वी वाचा आणि प्रत ग्रंथपालांकडे पोहोचवा. वर्षभराने ती फाइल शोधणे जिकिरीचे होते, आणि काही निबंध कुलूपबंद राहतात ते याच साध्या कारणाने.