ध्वनिसंकोचनाची पेटंटे आणि मुक्त परवाने : एमपी-थ्रीच्या वितरणाचा इतिहास (१९९२–२०१७)

प्रस्तावना

३० सप्टेंबर २००२ रोजी रेड हॅट या अमेरिकन कंपनीने आपल्या लिनक्स वितरणाची ८.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत एक्सएमएमएस हा लोकप्रिय प्लेअर पूर्वीप्रमाणेच समाविष्ट होता. परंतु त्यात एमपी-थ्री फाइल उघडली असता गाणे वाजण्याऐवजी पेटंटविषयक कारणांमुळे ही सोय काढून टाकल्याची सूचना पडद्यावर येई. आदल्या आवृत्तीत हीच फाइल विनासायास वाजत होती. प्लेअर तोच, संगणक तोच, गाणेही तेच. बदलले होते ते केवळ कायद्याचे वाचन. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात ही घटना किरकोळ भासते. तथापि प्रताधिकार आणि पेटंट या दोन भिन्न हक्कांचा संघर्ष तिच्याइतका स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

खुले मानक, बंद हक्क

एमपी-थ्रीचे तंत्र मुख्यतः जर्मनीतील एर्लांगेन येथे, विद्यापीठात व फ्राउनहोफर संस्थेत, १९८०च्या दशकात विकसित झाले. कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग हे त्यातील प्रमुख संशोधक होत. मोठ्या आवाजाच्या सान्निध्यातील क्षीण आवाज मानवी कानास जाणवत नाही. असे न जाणवणारे अंश वगळले, की सीडीवरील दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट एवढी माहिती १२८ किलोबिटांत मावते. हे तंत्र एमपेग-१ मानकात अंतर्भूत झाले. मानकाचा मसुदा १९९२ मध्ये पूर्ण झाला व १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो प्रसिद्ध केला. ‘एमपी-थ्री’ हे फाइलनाम १४ जुलै १९९५ रोजी निश्चित झाले.

मानक कोणासही वाचता येई आणि त्यावरून स्वतःची आज्ञावली लिहिता येई. येथेच घोटाळा होता. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीचा प्रताधिकार लेखकाचाच असतो. परंतु पेटंट शब्दरचनेवर नसून पद्धतीवर असते. दुसऱ्याच्या संहितेतील एकही ओळ न घेता लिहिलेली आज्ञावलीही पेटंटाचा भंग करू शकते. सप्टेंबर १९९८ मध्ये एन्कोडर लिहिणाऱ्या अनेक विकासकांना फ्राउनहोफरची पत्रे आली आणि परवानाशुल्काची मागणी झाली, तेव्हा हा भेद अनेकांच्या प्रथमच अनुभवास आला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने स्टेट स्ट्रीट खटल्यात सॉफ्टवेअर पेटंटांस अनुकूल निर्णय दिला होता. दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव शोधण्याचे प्रयोजन नाही. वारा कोणत्या दिशेने वाहत होता, एवढे त्यांवरून कळते.

या पत्रांना दोन प्रकारची उत्तरे मिळाली. ‘लेम’ हा एन्कोडर केवळ मूळ संहितेच्या स्वरूपात वितरित होत राहिला. चालविण्यायोग्य आज्ञावली प्रकल्प स्वतः देत नसे. दुसरे उत्तर अधिक मूलगामी होते. क्रिस माँटगोमेरी यांनी व्हॉर्बिस हे पेटंटमुक्त स्वरूप घडविण्याचे काम जोमाने हाती घेतले. २००१ मध्ये त्याची संहिता एलजीपीएलऐवजी बीएसडी धर्तीच्या अधिक शिथिल परवान्याखाली आणण्यात आली, आणि कॉपीलेफ्टचे कट्टर पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी या बदलास पाठिंबा दिला. पेटंटग्रस्त स्वरूप हटविणे हे संहितेच्या संरक्षणापेक्षा निकडीचे आहे, असा हा हिशेब होता. व्हॉर्बिसची १.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली. दर्जात ते कमी नव्हते. परंतु लोकांच्या संग्रहातील गाणी एमपी-थ्रीत होती, आणि अॅपलच्या आयपॉडने व्हॉर्बिस कधीच स्वीकारले नाही.

पैसे देऊनही न सुटणारा पेच

ऑगस्ट २००२ मध्ये थॉमसन या परवाना देणाऱ्या कंपनीने आपल्या दरपत्रकातील शब्दयोजना बदलली. विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या डिकोडरांना सूट असल्याचा जो समज होता, त्याचा आधार त्यामुळे नाहीसा झाला. धोरण बदलले नसल्याचे थॉमसनने सांगितले. पण दरपत्रकात प्रत्येक डिकोडरमागे ७५ सेंट असा आकडा होता.

रेड हॅटला ही रक्कम परवडली नसती असे नाही. अडचण जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतील (१९९१) सातव्या कलमात होती. पेटंटाच्या अटींमुळे पुढील प्रत्येक ग्राहकास विनाशुल्क पुनर्वितरण करता येत नसेल, तर मूळ वितरकानेही ती आज्ञावली मुळीच वितरित करू नये, असे ते कलम सांगते. एक्सएमएमएस जीपीएलखाली होता. कंपनीने स्वतःपुरता परवाना घेतला असता, तर तिच्याकडून प्रत घेणारा विद्यार्थी ती मित्रास देताना परवान्याविना राहिला असता. प्रतीगणिक शुल्क आकारण्यासाठी प्रती मोजता आल्या पाहिजेत. जीपीएलचा सारा हेतूच प्रती मोजल्या जाऊ नयेत हा होता. या दोन व्यवस्थांमध्ये तडजोडीला जागा नव्हती, आणि रेड हॅटने सोय काढून टाकली हे कायद्याच्या दृष्टीने सुसंगतच म्हटले पाहिजे.

वापरकर्त्यांनी अर्थातच मार्ग काढला. लिव्हनासारख्या स्वतंत्र भांडारांतून डिकोडर उतरवून घेणे हा नव्या संगणकावरील पहिला विधी ठरला. डेबियनने डिकोडर ठेवले, मात्र ‘लेम’ला दीर्घकाळ बाहेर ठेवले. एकच मानक, एकच पेटंटसंच. निर्णय मात्र वितरणागणिक निराळा.

बार्सिलोना येथील फ्लुएंडो कंपनीने शोधलेली तोड विशेष लक्षणीय आहे. तिने थॉमसनचा परवाना विकत घेऊन जीस्ट्रीमर या माध्यमप्रणालीसाठी एमपी-थ्री डिकोडर विनामूल्य उपलब्ध केला. त्याची मूळ संहिता एमआयटी परवान्याखाली खुली होती. पेटंटाचे संरक्षण मात्र फ्लुएंडोने तयार केलेल्या आज्ञावलीपुरतेच होते. तीच संहिता कोणी आपल्या संगणकावर संकलित केली, तर ते संरक्षण नाहीसे होई. ओळीन् ओळ सारखी असूनही एक प्रत अधिकृत व दुसरी संशयित! शिवाय जीपीएलखालील टोटेम प्लेअरला असे जोडभाग वापरता यावेत म्हणून त्याच्या परवान्यात स्वतंत्र अपवाद लिहावा लागला. नोव्हेंबर २००७ मधील फेडोरा ८ ने हा डिकोडर स्वतः समाविष्ट केला नाही, पण तो मिळविण्याचा मार्ग दाखविणारे साधन दिले, उबुंटूच्या १०.१० आवृत्तीने (२०१०) तो पर्याय प्रतिष्ठापनेच्याच वेळी पुढे ठेवला.

शुल्क भरणाराही निर्धास्त नव्हता. मायक्रोसॉफ्टने फ्राउनहोफरला १.६ कोटी डॉलर दिले होते. तरीही फेब्रुवारी २००७ मध्ये अल्काटेल-ल्युसेंटच्या दाव्यात सॅन दिएगो येथील ज्युरीने तिच्यावर सुमारे १५२ कोटी डॉलरचा भार टाकला. न्यायाधीशांनी ऑगस्टमध्ये तो निर्णय रद्द केला व २००८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यास दुजोरा दिला. या खटल्याने पेटंटांचे मालक नेमके किती, हा प्रश्न मात्र उघडा पाडला.

अमेरिकेबाहेर चित्र भिन्न होते. ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटविषयक निर्देश ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला; एमपी-थ्रीची युरोपीय पेटंटे मात्र त्यापूर्वीच दिली गेली होती. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(क) नुसार निव्वळ संगणक आज्ञावली पेटंटयोग्य नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे कलम सैल करण्याचा प्रयत्न केला होता. २००५ च्या सुधारणेत संसदेने तो स्वीकारला नाही.

मुदतीचा अंत

अखेर हा पेच ना न्यायालयाने सोडविला ना नव्या परवान्याने. तो पेटंटांची मुदत संपल्याने सुटला. नोव्हेंबर २०१६ मधील फेडोरा २५ मध्ये एमपी-थ्री वाजविण्याची सोय आली. २३ एप्रिल २०१७ रोजी परवाना कार्यक्रम बंद झाला आणि पुढील महिन्यात फेडोराने एन्कोडरासही प्रवेश दिला. रेड हॅट ८.० पासून मोजल्यास एक गाणे कायदेशीररीत्या पुन्हा वाजण्यास चौदा वर्षे लागली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच फेडोराने एच.२६४ व एच.२६५ या चित्रफितींच्या स्वरूपांसाठी आपल्या ग्राफिक्स प्रणालीत असलेले हार्डवेअर साहाय्य कायदेशीर कारणास्तव काढून टाकले, आणि वापरकर्ते पुन्हा बाहेरील भांडारांकडे वळले.