मोटारगाडीतील पॅरासिटिक ड्रेन

पॅरासिटिक ड्रेन म्हणजे मोटारगाडी बंद करून चावी काढल्यानंतरही एखाद्या उपकरणाने किंवा सदोष परिपथाने बॅटरीतून प्रमाणाबाहेर विद्युतप्रवाह घेत राहणे. रात्री सुस्थितीत उभी केलेली गाडी सकाळी सुरू न होणे, धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून सुरू केल्यावर ती दिवसभर नीट चालणे आणि एक-दोन रात्रींत बॅटरी पुन्हा उतरणे, हे या दोषाचे नेहमीचे लक्षण आहे. दोष बॅटरीत नसून गाडीच्या परिपथात असल्यामुळे केवळ नवी बॅटरी बसवून तो दूर होत नाही. नवी बॅटरीही त्याच प्रकारे उतरते. त्याचा शोध विद्युतप्रवाहाच्या मापनानेच लागतो.

पार्श्वभूमी

बहुतेक मोटारगाड्यांत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यात प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसर जोडणीत असतात. पूर्ण प्रभारित बॅटरी काही तास तशीच ठेवल्यास तिचे विभवांतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट भरते. ते १२.२ व्होल्टच्या आसपास आल्यास बॅटरी जवळपास अर्धी उतरलेली असते.

घड्याळ, चोरीरोधक भोंगा, रिमोटचा संदेश ग्रहण करणारे यंत्र आणि नियंत्रक संगणकांची स्मृती यांना गाडी बंद असतानाही थोडा प्रवाह लागतो. सर्वसाधारणपणे तो २० ते ५० मिलिअँपिअर असतो व दोष मानला जात नाही. ५० मिलिअँपिअर प्रवाहाने दिवसाला १.२ अँपिअर-तास इतका प्रभार खर्च होतो. लहान गाडीतील ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी या गतीने सुमारे चार आठवड्यांत रिकामी होईल आणि इंजिन सुरू करण्याची तिची ताकद त्याच्या बरीच आधी संपेल. म्हणून महिनाभर उभी असलेली गाडी सुरू न होणे हा दोषाचा पुरावा ठरत नाही. याउलट डिकीतील ५ वॅटचा दिवा सतत जळत राहिल्यास तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो व तीच बॅटरी साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी करू शकतो.

बॅटरी वारंवार पूर्ण उतरल्यास तिच्या पट्ट्यांवरील शिसे सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि क्षमता कायमची घटते. त्यामुळे मूळ दोष जितका लांबणीवर पडेल, तितके चांगल्या बॅटरीचेही आयुष्य कमी होते.

सामान्य कारणे

* डिकी, ग्लोव्ह बॉक्स किंवा दारातील दिव्याचा स्विच बिघडून दिवा जळत राहणे.
* ब्रेक पेडलजवळील स्विच बिघडल्याने किंवा त्याचे रबर झिजल्याने ब्रेकचे दिवे चालू राहणे.
* रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून परिपथ बंद न होणे.
* अल्टरनेटरमधील डायोड निकामी होऊन बॅटरीचा प्रवाह उलट दिशेने वाहणे.
* नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा भोंगा यांची जोडणी चुकलेली असणे.
* एखादा नियंत्रक संगणक निद्रावस्थेत न जाणे.

इतर दोषांपासून वेगळेपण

शोधापूर्वी बॅटरी पूर्ण प्रभारित करून तिची भारचाचणी केली जाते. बॅटरी जुनी असल्यास ती गाडीपासून सोडवून ठेवली तरी उतरते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसल्यास अल्टरनेटरकडून प्रभारण अपुरे होत असण्याची शक्यता असते. गंजलेले किंवा सैल टर्मिनल व सतत अगदी कमी अंतराचे प्रवास यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात.

प्रवाहाचे मापन

गाडीतील सर्व उपकरणे बंद करून बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरील तार सोडवतात आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर एकसर जोडतात. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावणे आवश्यक असते. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास स्टार्टरच्या शेकडो अँपिअर प्रवाहाने मीटरचा फ्यूज उडतो किंवा मीटर निकामी होतो.

आधुनिक गाड्यांतील नियंत्रक संगणक निद्रावस्थेत जाण्यास काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. त्याआधी मिळालेले मोठे आकडे दिशाभूल करणारे असतात. फ्यूज पेटीपर्यंत पोहोचण्यासाठी दार उघडे ठेवावे लागत असल्यास दाराची कडी पेचकसाने मिटवून दार बंद असल्याचा संकेत गाडीला दिला जातो. बिनचावीच्या गाडीचा रिमोट दूर ठेवला जातो, कारण तो जवळ असल्यास संगणक पुन्हा जागे होतात. एकदिश प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर उपलब्ध असल्यास तार सोडवावी लागत नाही.

परिपथाचा शोध

प्रवाह स्थिर झाल्यावरही जास्त असल्यास फ्यूज एकेक करून काढले जातात. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या परिपथात दोष असतो. त्यानंतर त्या फ्यूजवरील उपकरणे एकेक करून वेगळी केली जातात. फ्यूज काढून पुन्हा बसवताना झोपलेले संगणक जागे होऊ शकतात. ते टाळण्यासाठी फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजण्याची पद्धतही वापरली जाते. प्रवाह नसलेल्या फ्यूजवर हे विभवांतर शून्य असते.

कोणत्याही फ्यूजने फरक न पडल्यास अल्टरनेटर व स्टार्टर यांच्याकडे लक्ष दिले जाते, कारण त्यांच्या जाड तारा बॅटरीशी जवळजवळ थेट जोडलेल्या असतात. बॅटरीची ऋण तार सोडवून अल्टरनेटरची जाड तार वेगळी व विद्युतरोधित केल्यावर पुन्हा मापन केले जाते. त्यानंतर प्रवाह नाहीसा झाल्यास डायोड सदोष असल्याचे मानले जाते.

दक्षता

प्रभारणाच्या वेळी बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी किंवा ज्योत टाळावी लागते. ऋण तार प्रथम काढून शेवटी जोडल्यास हत्याराने शॉर्ट सर्किट होण्याचा धोका कमी होतो. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास तारा तापून आग लागू शकते. दररोज रात्री बॅटरीची तार काढून ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. त्याने बॅटरी वाचते, परंतु दोष कायम राहतो.